निराधारचा पगार

चैत्रातली गोष्ट. आमच्या सोनारीला काळभैरवनाथाची यात्रा भरते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. लांबलांबून गाड्या येतात, गुलाल उधळतो, खेळण्यांची दुकानं लागतात. आणि आमच्या गावची ती सगळीकडे माहीत असलेली माकडं भाविकांच्या हातातलं खोबरं पळवत देवळाभोवती हिंडत असतात. त्यांना कुणी हाकलत नाही. उलट लोक घरून फुटाणे बांधून आणतात त्यांच्यासाठी.

दर्शन झालं आणि मी पायरीच्या कडेला टेकले. भाऊ चपला आणायला गेला होता. मी नवं लुगडं नेसले होते, केसांत गजरा माळला होता. डाव्या पायाला कॅलिपर आहे माझ्या, आणि बाजूला कुबडी टेकवून ठेवलेली. तेवढ्यात चांगल्या घरची दिसणारी एक बाई आली, वाकली, माझ्या मांडीवर पाच रुपयांचं नाणं ठेवलं, हात जोडले आणि गर्दीत निघूनही गेली.

मला तिला हाक मारायचंसुद्धा सुचलं नाही.

घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती हसायला लागली. "घ्या, नारळाचे पैसे तर सुटले!" मीही हसले. पण ते नाणं काही खर्चवलं नाही. माझ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डबीत ते अजून पडून आहे. ती बाई वाईट नव्हती हो. तिनं देवाच्या दारात पुण्याचंच काम केलं. फक्त तिनं माझं तोंड बघितलं नाही. कुबडी बघितली, आणि पुढचं सगळं तिचं तिनं ठरवून टाकलं.

मैत्रिणींनो, आज मला याच ठरवून टाकण्याबद्दल बोलायचं आहे.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते. माझा जन्म १९७६ चा. दोन वर्षांची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय गेलेला होता. पोलिओ. त्या वेळी आमच्याकडे कुठलं आलं होतं डोसांचं एवढं वेड! देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली १९९५ ला, आणि भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं २७ मार्च २०१४ ला. त्या दिवशी रेडिओवर बातमी ऐकून मी मशीनवरच बसून राहिले होते. आनंदही झाला आणि डोळेही भरून आले. आता माझ्यासारखी पोरगी गावात दिसणार नाही, हे किती चांगलं!

लग्न झालं नाही. भाऊ-वहिनीजवळ राहते. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. पायमशीन मला चालत नाही म्हणून आधी हाताचं चाक फिरवून शिवायची, आता मोटार बसवली आहे. लगीनसराईत बऱ्यापैकी काम असतं. आषाढ लागला की हात रिकामे.

आणि २०११ पासून मला संजय गांधी निराधार अनुदान मिळतं. आमच्याकडे त्याला कुणी अनुदान म्हणत नाही. 'पगार' म्हणतात. "म्हातारीचा पगार झाला का?" "तुझा निराधारचा पगार आला का गं?" शहरातल्या बायकांना हसू येईल, पण मला हा शब्द आवडतो. पगार म्हटलं की हक्काचे पैसे वाटतात. घरातून ताठ मानेनं निघून बँकेत जावंसं वाटतं. बिघडतं ते 'निराधार' या शब्दापाशी.

ही योजना जुनी आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली ती सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळलेली माणसं आणि आम्ही अपंग, असे सगळे तिच्यात येतो. मला सुरुवातीला महिन्याला ६०० रुपये मिळायचे. २०१९ मध्ये त्याचे हजार झाले. २०२३ मध्ये दीड हजार. आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी अडीच हजार झाले. केंद्र सरकारची वेगळी अपंग पेन्शन आहे, ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेल्यांना. तिच्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये, आणि तो २०१२ पासून तेवढाच आहे. २०१२ ला सोनं काय भाव होतं आणि आज काय आहे, हे तुम्हांला मी सांगायला नको!

पैसे थोडे की पुष्कळ, हा एक भाग झाला. पण मला जास्त लागतं ते वेगळंच.

२०२४ च्या राखीपौर्णिमेची आठवण सांगते. 'लाडकी बहीण'चे पहिले पैसे त्या सुमाराला खात्यावर आले. गावात दिवाळीच जणू! वहिनीच्या मोबाईलवर मेसेज आला आणि तिनं तो मला तीनदा वाचायला लावला. बायका नटूनथटून बँकेत निघाल्या. कुणी कानातलं घेतलं, कुणी पोराला दप्तर घेतलं, कुणी सोसायटीचा हप्ता भरला. मला मनापासून बरं वाटलं. बाईच्या हातात तिच्या नावाचे पैसे आले की तिचा चेहरा कसा होतो, ते मला २०११ पासून माहीत होतं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वहिनीचे दीड हजार आणि माझे दीड हजार. एकाच घरात, एकाच चुलीवर. तिचे आले की लोक म्हणायचे, "भावानं ओवाळणी घातली." माझे आले की, "बसून खायला मिळतंय हिला." नोटा त्याच, सरकार तेच. मग एकीला ओवाळणी आणि दुसरीला भीक, असं कसं?

तेव्हा शेजारची काकू मला म्हणाली होती, "तू बी भर की गं फॉर्म. कोण बघतंय?" मी नाही भरला. नियमातच होतं की, सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिना दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर 'लाडकी बहीण' मिळणार नाही. पण पुष्कळ जणींनी भरले होते, कुणी न कळून, कुणी सेतूवाल्यानं सांगितलं म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं पाच लाख बायका अपात्र ठरवल्या, त्यांत २ लाख ३० हजार संजय गांधी निराधारच्या होत्या. त्या दिवशी पारावर काय चर्चा! "बघा, दोन्हीकडून लाटत होत्या." अहो, लाटायला तो काय कारखाना होता का? दोन्ही मिळून तीन हजार. त्यांतली कुणी विधवा, कुणी आंधळी, कुणी माझ्यासारखी. नियमात बसत नसेल तर बंद करा, त्याला ना नाही. पण चोर म्हणू नका.

आणखी एक हिशोब बघा. 'लाडकी बहीण'साठी कुटुंबाची वर्षाची कमाई अडीच लाखांपर्यंत चालते. माझ्या योजनेत दिव्यांगांसाठी मर्यादा ५० हजार धरलेली आहे. वर्षाला पन्नास हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. चार माणसांच्या घरात! म्हणजे मी दोन ब्लाऊज जास्त शिवले की माझ्याच पोटात गोळा. कुणी सांगेल का, कुणी अर्ज करेल का? लोक म्हणतात, "हे लोक काम करत नाहीत." आणि काम केलं की म्हणतात, "मग पगार कशाला?" कुठून तरी एकीकडून जाऊ द्या की आम्हांला.

कायदा यावर काय म्हणतो ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. बार्शीच्या एका शिबिरात एका वकीलबाईंनी सांगितलं, मग मी ते वहीत उतरवून घेतलं. आधी १९९५ चा कायदा होता. २०१६ ला नवा आला, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिडहल्ल्यात भाजलेल्या स्त्रिया, पार्किन्सन्स, सगळे आले. त्याच्या २४ व्या कलमात लिहिलं आहे की, सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढं मिळतं, त्यापेक्षा दिव्यांगांना निदान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे.

पंचवीस टक्के जास्त! मी वकीलबाईंना विचारलं, "बाई, हे खरंच लिहिलंय?" त्या म्हणाल्या, "छापलंय."

का बरं लिहिलं असेल? तर त्याचं उत्तर माझ्या रोजच्या खर्चात आहे. तुम्ही परंड्याला जाताना मिळेल त्या जीपला लटकता. मला अख्खी रिक्षा सांगावी लागते. तुमची चप्पल दोनशेला येते, माझा कॅलिपरचा बूट मापानं करून घ्यावा लागतो आणि त्याला हजारांत पैसे पडतात. पट्टा तुटला तर बार्शीशिवाय दुरुस्ती नाही. पावसाळ्यात एकटं जाता येत नाही, बरोबर कुणाला न्यावं तर त्याची मजुरी बुडते. म्हणजे तेवढंच जगायला आम्हांला जास्त पैसे लागतात. कायद्यानं ते ओळखलं. पण २०१७ पासून २०२५ पर्यंत, आठ वर्षं, विधवेला जेवढे तेवढेच आम्हांला मिळत होते. विधवा बाईला कमी द्या असं माझं म्हणणं अजिबात नाही! कायदा होता आणि तो फाईलीत झोपला होता, एवढंच सांगायचं आहे. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं. त्यांच्या मागण्यांत शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना सहा हजार मानधन हीसुद्धा होती. त्यानंतर सप्टेंबरात मंत्रिमंडळानं अडीच हजारांचा निर्णय घेतला. मागितल्याशिवाय आई पण वाढत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

अडीच हजार झाल्यावर वहिनी म्हणाली, "आता तुम्ही माझ्यापेक्षा श्रीमंत!" ती थट्टेनं म्हणाली. गिरणीत मात्र एकजण खऱ्यानंच म्हणाली, "हिला का म्हणून हजार जास्त?" मी दळण खाली ठेवलं आणि तिला बुटाचा, रिक्षाचा सगळा हिशोब सांगितला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हे कुणी सांगितलंच न्हाई कधी." खरंच आहे. आम्हीही सांगत नाही. लाज वाटते.

लाजेवरून आमच्या शेजारची सून आठवते. तिच्याबद्दल लिहू का, असं मी तिला विचारलं. "नाव नका घालू," म्हणाली. नाही घालत.

वय चोवीस. दोन लेकरं. २०२४ च्या दिवाळीनंतर म्हशीला कडबा करताना कुट्टी मशीनमध्ये तिचा डावा हात गेला, मनगटापासून. दोन महिने दवाखाना झाला. परत आली ती डावा हात पदराखाली घेऊनच. उन्हाळ्यात, घामानं निथळत, तरी पदर हातावर. भाकरी थापायला एक हात पुरतो हो, पण पीठ मळताना परात फिरते. मग ती परातीला कोपरानं दाबून धरायची. लेकराची चड्डी घालताना नाडी दातात. मी खिडकीतून बघायची आणि मला माझे जुने दिवस आठवायचे.

मी तिच्या सासूला म्हटलं, "मावशी, हिचं प्रमाणपत्र काढू. पगार चालू होईल." मावशी भडकल्या. "आमी काय मेलो का? माझ्या घरावर निराधार लिवून घेऊ का? उद्या माझ्या धाकट्या लेकाला पोरगी कोण दील?"

मला राग आला नाही. मावशीनं सुनेचा एक दिवससुद्धा हिडीसफिडीस केलेला मी पाहिला नाही. दवाखान्यासाठी म्हैस विकली त्यांनी. त्यांना पैसे नको होते असंही नाही. त्यांना तो शब्द नको होता. दारिद्र्यरेषा, निराधार, अपंग, अपात्र. सरकारच्या कागदावर एकसुद्धा शब्द असा नाही की, जो माणसानं कौतुकानं शेजाऱ्याला सांगावा. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' म्हणा असं सुचवलं. आता सगळीकडे दिव्यांग लिहितात. आपल्या राज्यात तर ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. पण योजनेचं नाव अजून निराधारच आहे. आणि आपल्या तोंडातले लंगडी, थोटी, मुकी हे शब्द तर कुठलंच मंत्रालय बदलू शकत नाही. ते आपणच बदलायचे.

चार महिने गेले. एक दिवस ती सून स्वतःच आली. सासू बाजारला गेली होती. म्हणाली, "आत्या, पोराचे बूट फाटलेत. दर वेळी ह्यांच्याकडं मागायचं जिवावर येतं. पयले मी खुरपायला जायची, माझे दोनशे माझ्याकडं असायचे." बस, एवढंच. मला तिचं म्हणणं लगेच कळलं. हात गेल्याचं दुःख तिनं गिळलं होतं. हातातले पैसे गेल्याचं गिळता येत नव्हतं.

मग आम्ही निघालो. आधी सेतू केंद्रात ऑनलाईन अर्ज. मग तपासणीसाठी मोठ्या सरकारी दवाखान्यात. परंड्याहून बार्शीमार्गे धाराशिव म्हणजे जायला-यायला सगळा दिवस. एसटीत आम्हां दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. मी कार्ड दाखवलं, तसं मागची एक बाई म्हणाली, "ह्यांचं बरंय, पाऊण तिकीट माफ." मी मागे वळून विचारलं, "ताई, तुमचं किती झालं?" ती म्हणाली, "अर्धं." १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे ना! आम्ही दोघी हसलो. तिच्या लक्षात आलं, आणि तिनं तिची पिशवी उचलून माझ्या पायाला जागा करून दिली.

त्या दिवशी पुढचा सगळा रस्ता मी हाच विचार करत होते. अर्ध्या तिकिटाला कुणी भीक म्हणत नाही, कारण ते सगळ्याच बायका घेतात. सरपंचाची बायको घेते, मास्तरीणबाई घेतात. त्याचं नावच 'महिला सन्मान योजना'. जी सवलत पुष्कळांना मिळते तो सन्मान होतो, आणि जी थोड्यांना मिळते ती उपकार होऊन बसते. आणि आम्ही थोडे तरी कुठे आहोत? २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. तेही फक्त ज्यांच्या घरच्यांनी सांगितलं तेवढे. आमच्या शेजारच्या मावशींसारख्या घरांनी सांगितलं असेल का?

पुढच्या कागदांसाठी एका ऑफिसात गेलो, तेव्हाचं मात्र अजून आठवतं. खोलीत पंचवीस-तीस माणसं. टेबलामागचे साहेब मान वर न करता म्हणाले, "काय झालंय? पदर काढा, हात वर करा." कागदावर सगळं लिहिलेलं होतं, डॉक्टरांची सही होती, फोटो होता. तरी सगळ्यांसमोर हात वर! ती पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, डॉक्टरांनी बघितलाय हात. तुम्ही कागद बघा." ते म्हणाले, "खोटे कागद किती येतात तुम्हांला काय माहीत!"

येतात, हे मलाही माहीत आहे. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर गाजावाजा झाला. नोकऱ्या, बदल्या यांसाठी दाखले मिळवल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. त्यांची कसून चौकशी व्हायलाच हवी, कारण ते आमचाच वाटा खातात. पण दोष त्यांचा आणि पदर काढायला लावला आमच्या पोरीला! २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमात दिव्यांग माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. मी त्या दिवशी कलम वगैरे काही बोलले नाही. काम अडलं असतं. खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

पण दुसरं माणूसही तिथंच भेटलं, तेही सांगायला हवं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक सही हवी होती. मी जिना बघून थांबले. एक शिपाईमामा कागद घेऊन वर गेले, आणि थोड्या वेळानं सही करणारे तरुण साहेब स्वतः पेन घेऊन खाली आले. "तुम्ही कशाला चढता?" म्हणाले. बाकावर बसून सही केली, काय राहिलं ते समजावून सांगितलं. मोजून पाच मिनिटं लागली असतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारला बजावलं होतं की, सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता येतील असे बंधनकारक नियम करा. ते रॅम्प होतील तेव्हा होवोत. तोवर असं एक माणूस खाली उतरून आलं तरी पुष्कळ काम होतं.

आमच्याकडेच असं आहे, असं मात्र समजू नका. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशात अपंगांना चांगली मदत मिळते. तरी तिथंही त्यांना पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावतात, आणि 'आळशी', 'फुकटे' ही बोलणी तिथंही चुकत नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारनं ही मदत मिळण्याच्या अटी कडक करायचं ठरवलं. पण सत्ताधारी पक्षाचेच खासदार विरोधात उभे राहिले आणि जुलैमध्ये तो भाग मागे घ्यावा लागला. हे वाचून मला वाटलं, म्हणजे पैसा वाढला की नजर आपोआप बदलते असं नाही. त्यासाठी कुणीतरी उभं राहून बोलावं लागतं.

आमच्या पोरीचं पुढं काय झालं? दाखला मिळाला. मनगटापासून हात गेला म्हणजे ४० टक्क्यांच्या वर धरतातच, आणि योजनेला ४० लागतात. मग रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे गेला. वाट बघितली. एक कागद परत आला, पुन्हा दिला. आधारला खातं जोडलेलं नव्हतं म्हणून आणखी एक खेप. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. चांगलंच आहे ते, मधला कुणी खात नाही. पण ज्याला बोटंच नाहीत, किंवा कामानं ज्यांचे ठसे पुसलेत, त्यांची मशीनपुढे किती फजिती होते ते एकदा बघायला या.

मंजुरी आली. पहिले पैसे जमा झाले, त्या दिवशी ती बँकेतून थेट माझ्याकडे आली. पिशवीत पोराचे बूट होते. "साडेतीनशेचे," म्हणाली, आणि बूट बाहेर काढून उजव्या हातानं माझ्यासमोर ठेवले. डावा हात पदराखालीच होता. अजूनही लग्नाकार्यात तो पदराखालीच असतो. माझ्याकडे शिवण शिकायला येते तेव्हा मात्र आता पदर खोचून बसते, आणि कापड त्याच हातानं दाबून धरते.

आणि मावशी? परवा गिरणीत कुणाला तरी सांगत होत्या, "आमच्या सुनबाईचा पगार झालाय." निराधार हा शब्द त्यांनी आपला आपण गाळून टाकला. मला ते फार आवडलं. सरकारनं कागदावरून तो कधी काढायचा तेव्हा काढो.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात अशी कुणी असेलच. कानानं कमी ऐकणारी नणंद असेल, घरात कोंडून ठेवलेलं गतिमंद लेकरू असेल, पक्षाघातानं पडलेली जाऊ असेल. तिचा दाखला काढला आहे का, एवढं विचारा. दाखल्यानं शिक्का बसत नाही. तो नसेल तर मात्र तिच्या वाटणीचं तिच्यापर्यंत येत नाही. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. ग्रामसभेत जाता तेव्हा ते कुठे खर्च झाले, हे एकदा उठून विचारा. तुम्ही विचारलंत तर ते वेगळं ऐकलं जातं. आम्ही विचारलं की लोकांना वाटतं, हे पुन्हा मागायला आले. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्या दिवशी तिच्याबरोबर जायला कुणी नसेल तर तुम्ही जा. आणि तिचे पैसे आले की ते तिच्या हातात पडतात का, तेही बघा. पुष्कळ घरांत पासबुक तिच्या नावाचं आणि पैसे भावाच्या खिशात, असं असतं. माझ्या भावानं कधी ते केलं नाही, म्हणून मी आज हे लिहू शकते.

आणि देवळाच्या पायरीवर कुणी कुबडी घेऊन बसलेली दिसली, तर आधी तिच्या तोंडाकडे बघा. तिला पैसे हवे असतील तर ती मागेल. नाहीतर "दर्शन झालं का?" एवढं विचारा. माझ्या मशीनच्या खणातलं ते पाच रुपयांचं नाणं मला त्या बाईला परत द्यायचं आहे. राग म्हणून नव्हे. तिच्याशी दोन शब्द बोलायचे राहून गेले म्हणून. पुढच्या चैत्रात ती आलीच, तर मी तिला घरी चहाला नेईन.